असईची लढाई जेवणाच्या टेबलावर कशी मांडावी?

मागच्या वेळी आपण छोट्या शिपायांनी खेळायच्या युद्धखेळाचे नियम पाहिले. आज एक खरी लढाई घरच्या टेबलावर उतरवू. २३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा. एका बाजूला आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज.

पहिली अडचण जागेची. शिंद्यांची छावणी कित्येक मैल पसरलेली होती, आणि आपलं टेबल फार तर ५ फूट बाय ३ फूट. सगळंच बसवायला गेलो तर शिपाई मुंगीएवढे होतील. म्हणून आधी विचारायचं, की लढाईचा निकाल कुठे लागला? केळना आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. तेवढाच पट्टा घेऊ. १ सेंटीमीटर म्हणजे २० मीटर धरले की टेबलावर साधारण ३ किलोमीटर बाय १.८ किलोमीटर जमीन मावते. लांब कडांना दोन नद्या, जुईच्या काठी असई गाव.

आता याच मापाने बाकीचं ठरवा. सहाशे माणसांची पलटण दोन रांगांत उभी केली तर साधारण १६० मीटर, म्हणजे ८ सेंटीमीटरची एक पट्टी. तिच्यावर शिपाई चार लावा नाहीतर बारा, हिशेब पट्टीचाच. बंदुकीचा परिणामकारक मारा १०० मीटर, म्हणजे फक्त ५ सेंटीमीटर. तोफेचा गोळा मात्र ४० सेंटीमीटर जातो. हा फरक हाताने मोजला की तोफांपुढे चालत जाणं काय होतं ते आपोआप कळतं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. आपल्याला शेवट माहीत आहे. वेलस्ली उतार शोधून डाव्या बगलेवर येणार, हे ठाऊक असलेला खेळाडू पहिल्याच खेळीत उतार अडवून बसेल. म्हणून आपण खेळ नदी ओलांडल्यानंतर सुरू करतो. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन याने तेवढ्यात अख्खी फळी फिरवून शत्रूसमोर आणली होती. ते कसब मांडणीतच दिसू द्या.

घोडदळाचं काय? संख्या प्रचंड, पण त्यातलं बहुतेक लढाईत उतरलंच नाही. खेळाडूच्या हाती ते मोकळं दिलं तर इंग्रज चौथ्या खेळीत संपतील. आम्ही ते टेबलाबाहेर ठेवतो आणि दर खेळीला फासा टाकतो. सहा पडला तरच एक तुकडी येते.

तोफांचा नियम तर प्रसंगातूनच मिळतो. इंग्रज फळी पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. तेव्हा नियम असा, की तोफेपाशी आपली पट्टी थांबली तरच ती तोफ जिंकली.

आता नेहमीचा प्रश्न येतो: मग मराठे जिंकू शकतात का? शकतात, फक्त जिंकणं म्हणजे काय ते नीट लिहिलं पाहिजे. कंपनीची कवायती फौज सुमारे ४,५०० होती, शिवाय म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ. त्या दिवशी मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा होता १,५८४. असईच्या तोफांसमोर गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तर जवळजवळ संपली. म्हणून निव्वळ मैदान राखलं की विजय, असं ठरवलं तर आपण या तोफखान्यावर अन्याय करतो. आमची अट अशी: इंग्रजांच्या एक तृतीयांशाहून जास्त पट्ट्या गेल्या, तर मैदान त्यांच्याकडे राहूनही डाव बरोबरीत.

या अटीने खुद्द वेलस्लीसुद्धा बरोबरीतच सुटला असता. पुढच्या व्याख्यानापर्यंत हा डाव दोनदा खेळा, बाजू बदलून, आणि कुठल्या खेळीला कोणाच्या किती पट्ट्या उरल्या ते लिहून ठेवा. त्या नोंदींवरून सहाचा फासा बदलायचा की नाही ते ठरवू.