आडवाटेचीं वाहनें आणि तिऱ्हाइताचा विमा

मोटारीचा विमा हा रस्त्याचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रस्त्यावर गर्दी असते, तेथें धक्का लागण्याचा संभव असतो, आणि म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला क्रमांक हवा व तिचा विमा उतरलेला हवा, हें आतां कोणाला पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु जी गाडी मुळीं रस्त्यासाठीं बनविलेलीच नाहीं, जी वाळूंतून, चिखलांतून, बर्फावरून किंवा माळरानावरून केवळ मौजेखातर पळविली जाते, तिचें काय? तिला क्रमांक असावा कीं नसावा? तिच्याखालीं सांपडून एखाद्याचा पाय मोडला, तर त्याच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च कोणी सोसावा? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण निरनिराळ्या देशांच्या विधिमंडळांना आणि न्यायालयांना त्यानें पुष्कळच विचार करावयास लावला आहे.

हीं वाहनें तशीं फार जुनीं नाहींत. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत बोंबार्दिए यांनीं बनविलेली 'स्की-डू' ही बर्फावरून धांवणारी हलकी गाडी १९५९ सालीं बाजारांत आली. १९७० सालीं होंडा कंपनीनें फुगीर टायरांची तीन चाकी गाडी विकावयास काढली, आणि पुढें १९८० नंतरच्या दशकांत तिची जागा चार चाकी गाडीनें घेतली. हिलाच आज सर्वत्र 'एटीव्ही' या संक्षिप्त नांवानें ओळखतात. हिच्यावर घोड्यावर बसल्याप्रमाणें मांड ठोकून बसावें लागतें आणि वळतांना स्वाराला आपल्या शरीराचा भार आंतल्या बाजूला झुकवावा लागतो. चाकांमधील अंतर कमी आणि गुरुत्वमध्य उंच, यामुळें उतारावर किंवा एकाएकीं वळतांना ती उलटण्याचा धोका मोठा असतो. त्यांत एका स्वारासाठीं बनविलेल्या गाडीवर मागें दुसरा माणूस बसविला, म्हणजे तर तोल संभाळणें अधिकच कठीण होतें. तीन चाकी गाडी याहूनही घातक ठरली. १९८८ सालीं अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानें उत्पादकांशीं न्यायालयामार्फत करार करून तिची नवी विक्री बंद पाडली. सारांश, हें खेळणें नव्हे. हें यंत्र आहे.

आतां नोंदणी आणि विमा या दोन गोष्टी एकाच श्वासांत उच्चारल्या जात असल्या तरी त्यांचीं कामें निराळीं आहेत. नोंदणीनें वाहनाला ओळख मिळते. धडक देऊन गाडी निघून गेली, तर तिच्यामागें धांवणाऱ्या माणसाच्या हातीं निदान एक क्रमांक तरी राहतो, आणि त्या क्रमांकावरून मालकाच्या दारापर्यंत जातां येतें. पण मालक सांपडला म्हणजे भरपाई मिळाली असें होत नाहीं. मालकाच्या घरीं कांहीं नसेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा हा केवळ कागद होय. येथें विम्याचें काम सुरू होतें. सक्तीचा विमा हा गाडीसाठीं नसतो आणि चालविणाऱ्याच्या स्वतःच्या हाडांसाठींही नसतो; तो तिऱ्हाइतासाठीं असतो. ज्याचा त्या मौजेशीं कांहीं संबंध नव्हता, ज्यानें त्या गाडीचा एक पैसाही कमावला नव्हता, अशा वाटसरूची भरपाई विमा कंपनीनें करावी, एवढाच त्याचा हेतु. गाडी उलटून स्वार स्वतःच जखमी झाला, तर तिऱ्हाइताच्या विम्यांतून त्याला कांहीं मिळत नाहीं. त्याकरितां वैयक्तिक अपघाताचा वेगळा विमा लागतो. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

सक्तीच्या विम्याचा जन्म रस्त्यावरच झाला. इंग्लंडांत १९३० च्या रस्तेवाहतूक कायद्यानें तो आणला. हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत त्याची तरतूद झाली आणि ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. दोन्ही कायद्यांचा रोख सार्वजनिक जागेकडे होता. रस्त्याबाहेरचीं वाहनें वाढलीं, तेव्हां हा धागा कोठपर्यंत ओढावयाचा असा प्रश्न उभा राहिला.

कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतानें त्याचें उत्तर सरळ दिलें. तेथें रस्त्याबाहेरच्या वाहनांसाठीं स्वतंत्र कायदाच आहे. अशा वाहनाला परवाना आणि क्रमांकाची पाटी हवी, त्याचा विमा हवा, आणि स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण हवें. सूट आहे ती मुख्यतः आपल्या स्वतःच्या ताब्यांतील जमिनीपुरती. बारा वर्षांखालील मुलाला अशा जमिनीवर किंवा मोठ्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालींच गाडी हाकतां येते. कुंपणाच्या आंत ज्याचा तो मालक; कुंपण ओलांडलें कीं कायदा सुरू.

ही रेषा किती कडक आहे, तें तेथील अपील न्यायालयाच्या २०१४ सालच्या एका निर्णयावरून दिसून येतें. एक शेतकरी आपल्या शेतीच्या कामासाठीं विमा नसलेली एटीव्ही घेऊन सार्वजनिक रस्त्यावर गेला असतां दुसऱ्या वाहनाची धडक बसून जबर जखमी झाला. शेतीचीं स्वयंचलित अवजारें विम्याच्या सक्तींतून वगळलेलीं आहेत, आणि आपली गाडी शेतीच्याच कामाची होती, असें त्याचें म्हणणें होतें. खालच्या न्यायालयाला तें पटलें. अपील न्यायालयाला पटलें नाहीं. गाडी कशासाठीं बनविली आहे हें पाहावयाचें, मालक ती कशासाठीं वापरतो हें नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. परिणाम असा झाला कीं, विमा न उतरविल्यामुळें त्या शेतकऱ्याचा धडक देणाऱ्यावर दावा करण्याचा हक्कच बुडाला. विम्याचा हप्ता वांचविला, आणि त्यापायीं भरपाईची सारी आशा गेली.

युरोपांत हा धागा याहून पुष्कळच लांब ओढला गेला. २००७ च्या ऑगस्ट महिन्यांत स्लोव्हेनियांतील एका शेतावर कोठाराच्या माळ्यावर गवताच्या गठ्ठ्या चढविण्याचें काम चाललें होतें. अंगणांत मागें घेतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोडगाडीचा धक्का शिडीला लागला आणि शिडीवरचा माणूस खालीं पडला. ट्रॅक्टर रस्त्यावर नव्हता. खाजगी अंगणांत होता. तरीही ४ सप्टेंबर २०१४ रोजीं युरोपीय संघाच्या न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, वाहनाच्या नेहमींच्या कार्याशीं सुसंगत असा कोणताही वापर सक्तीच्या विम्याच्या कक्षेंत येतो. जागा कोणती हा प्रश्न गौण होय. पुढें २०१७ सालीं त्याच न्यायालयानें या तत्त्वाला एक मर्यादाही घातली. उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचें एंजिन केवळ औषधफवारणीचा पंप चालविण्यासाठीं वापरलें जात असेल, तर तो वाहन म्हणून वापर नव्हे, असें त्यानें ठरविलें.

या निर्णयानें मोटारशर्यतींच्या धंद्यांत मोठीच खळबळ उडाली. शर्यतींतील प्रत्येक गाडीचा आणि बागेंतील गवत कापणाऱ्या बसत्या यंत्राचाही विमा उतरवावयाचा काय, असा प्रश्न ब्रिटनमध्यें विचारला जाऊं लागला. युरोपीय संघानें २०२१ सालीं आपला नियम सुधारला. वाहतुकीचें साधन म्हणून होणारा वापर, मग जमीन सार्वजनिक असो वा खाजगी, विम्याच्या सक्तीखालीं राहिला. मात्र आंखून दिलेल्या जागेंतील शर्यतींना, त्यांच्या चालकांनीं दुसऱ्या प्रकारें विम्याची सोय केली असेल तर, सूट देण्यांत आली. ब्रिटन तोंवर संघांतून बाहेर पडला होता. त्यानें २०२२ सालीं कायदा करून तो युरोपीय निर्णयच आपल्यापुरता रद्द केला.

यांत शहाणें कोण, हें ठरविण्यापूर्वीं आणखी एक खटला ध्यानांत घेतला पाहिजे. इंग्लंडांत २०१३ सालीं एका पायीं जाणाऱ्या माणसाचा गाडीवाल्यानें संशयावरून पाठलाग केला. कुंपण तोडून गाडी खाजगी शेतांत शिरली आणि तो माणूस तिच्याखालीं सांपडून जन्माचा पांगळा झाला. गाडीचा विमा नव्हता. अशा प्रसंगीं भरपाई देणारी जी विमा कंपन्यांची मध्यवर्ती संस्था तेथें आहे, तिनें 'घटना रस्त्यावर घडली नाहीं' या सबबीवर हात वर केले. २०१९ सालीं अपील न्यायालयानें युरोपीय नियमाच्या आधारें संस्थेला जबाबदार धरलें. आज तशीच घटना घडली, तर तो आधार उरलेला नाहीं. हप्त्यांचा बोजा वांचला हें खरें. पण तो बोजा नाहींसा झाला नाहीं, तो जखमी माणसाच्या खांद्यावर गेला.

आतां आपल्या देशाकडे वळलें असतां मोठी मौजेची गोष्ट आढळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ३९ वें कलम म्हणतें कीं, नोंदणीवांचून मोटार वाहन सार्वजनिक जागेंत 'किंवा इतर कोणत्याही जागेंत' चालवूं नये. विम्याचें १४६ वें कलम मात्र केवळ सार्वजनिक जागेपुरतें बोलतें. म्हणजे नोंदणीचें जाळें रुंद आणि विम्याचें अरुंद. सार्वजनिक जागा म्हणजे नुसता रस्ता नव्हे. जेथें जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कोणतीही जागा त्या व्याख्येंत येते. मग ज्या वाळवंटावर मुलें खेळतात, कोळणी मासळी वाळवितात आणि संध्याकाळीं गांव फिरावयास जातो, त्याला बंदिस्त आवार म्हणणें कठीण आहे.

'मोटार वाहन' म्हणजे तरी काय? रस्त्यावर वापरण्यास अनुकूल केलेलें, यांत्रिक शक्तीनें चालणारें वाहन, अशी कायद्याची व्याख्या आहे. फक्त कारखान्यांत किंवा बंदिस्त आवारांत वापरावयाचें खास वाहन तींतून वगळलें आहे. १९७४ सालीं खाणींतील डंपरांविषयींच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 'अनुकूल केलेलें' याचा अर्थ 'योग्य' असा घेतला. तेव्हां 'ही गाडी रस्त्याची नव्हेच' एवढें म्हणून मालकाची सुटका होईल, अशी खात्री कोणी बाळगूं नये. उलट, ज्या गाडीचा नमुना सरकारी चांचणींतून मान्य झालेला नाहीं, तिची नोंदणी होत नाहीं. अशा रीतीनें भाड्याच्या एटीव्ही एका चमत्कारिक पोकळींत सांपडतात. त्यांना क्रमांक मिळत नाहीं, आणि तरीही अलिबागजवळच्या नागांवसारख्या किनाऱ्यांवर त्या माणसांच्या गर्दींतून पळत असतात.

या पोकळीची किंमत कोण देतो? विमा नसलेली गाडी सार्वजनिक जागेंत चालविल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात; पण दंड सरकारांत जमा होतो, जखमीला मिळत नाहीं. धडक देऊन पळालेली गाडी ओळखतां आली नाहीं, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणें मृताच्या वारसांस दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळूं शकतात. कमावत्या माणसाचा हात कायमचा गेला, तर पन्नास हजार किती दिवस पुरणार?

सक्तीविरुद्ध आक्षेप आहेत, आणि ते सर्वच पोकळ नाहींत. स्वतःच्या शेतांत वर्षांतून चार दिवस गाडी फिरविणाऱ्यावर शहरी मोटारीइतका हप्ता लादणें अन्यायाचें होईल. रानावनांत पाट्या तपासावयास शिपाई कोठून आणावयाचा, हाही प्रश्न खरा आहे. परंतु या आक्षेपांचें उत्तर सक्ती सोडून देणें हें नव्हे. ती बेताची करणें हें होय. ऑन्टारिओप्रमाणें स्वतःच्या जमिनीला सूट देतां येते. युरोपाप्रमाणें शर्यतीच्या मैदानाला निराळी सोय करतां येते. आणि भाड्यानें गाड्या देणाऱ्याची तपासणी तर रानांत नव्हे, त्याच्या गल्ल्यापाशींच करतां येते. जो मौजेपासून पैसा मिळवितो, त्यानें तिच्या धोक्याचाही वांटा उचलावा, यांत कोणावरही जुलूम नाहीं.

कायदा होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत किनाऱ्यावर अशा गाडीवर बसण्यापूर्वीं तिला क्रमांक आहे काय, विम्याचा कागद आहे काय, आणि डोक्याला शिरस्त्राण मिळतें काय, हे तीन प्रश्न विचारणें प्रत्येकाच्या हातांत आहे. गाडी भाड्याची असते आणि मौज घटकेची असते. पण वाटेंत सांपडणारा माणूस कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.