डोंगरातला ऑक्सिजन

भिलाईच्या झोतभट्टीचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येतो तो वितळलेल्या लोखंडाचा पाट. पण भट्टीत काय गेलं आणि बाहेर काय आलं याचं वजन मांडलं, तर तिचा सर्वांत मोठा माल लोखंड नाहीच, वायू आहे. एक टन लोखंडामागे भट्टीच्या माथ्यातून साधारण 1600 घनमीटर वायू निघतो आणि त्याचं वजन दोन टनांहून जास्त भरतं. कारखान्याचा खरा जमाखर्च या वायूत दडलेला आहे.

2 फेब्रुवारी 1955 रोजी या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. 2018 मध्ये पेटलेली आठवी भट्टी, ‘महामाया’, 4060 घनमीटर पोटाची आहे. आकार चौपटीच्या आसपास गेला, पण हिशेबाची रीत तीच राहिली.

इंधनाच्या ज्वलनाचं गणित रासायनिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो ते सरळ असतं. 12 किलो कार्बनला 32 किलो ऑक्सिजन लागतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एक किलो कार्बन पुरता जाळायचा तर साडेअकरा किलो हवा हवी. त्यातला नऊ किलोच्या आसपास नायट्रोजन नुसता येतो आणि जातो. बॉयलर असो वा वीटभट्टी, धुरातला बहुतेक सगळा ऑक्सिजन हवेतून आलेला असतो, हे त्यात गृहीतच असतं. झोतभट्टीत ते लागू पडत नाही.

कसं, ते ऑर्सटच्या उपकरणात उघड दिसतं. आता वायूचं पृथक्करण यंत्रं आपोआप करतात, पण समज यावी ती या काचेच्या नळीनंच. 100 मिलिलिटर वायू घ्यायचा. आधी तो कॉस्टिक पोटॅशमधून काढायचा; कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि नळीतलं माप 79 वर येतं. मग पायरोगॅलॉल, तिथे माप हललंच नाही पाहिजे, कारण माथ्याच्या वायूत मोकळा ऑक्सिजन नसतो. माप हललं तर नमुन्यात बाहेरची हवा शिरली, तो फेकून द्यावा. शेवटी क्युप्रस क्लोराइडमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो आणि माप 56 वर थांबतं. क्रम बदलून चालत नाही: पायरोगॅलॉलचं द्रावण अल्कली असतं, ते कार्बन डायऑक्साइडही गिळतं, क्युप्रस क्लोराइड ऑक्सिजनही घेतं.

उरलेल्या 56 मध्ये 4 हायड्रोजन आणि 52 नायट्रोजन धरू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशाच प्रमाणातले. हा नायट्रोजन कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून हिशेबात त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही. तो सगळा भट्टीत फुंकलेल्या झोताच्या हवेतून आला. हवेत तो 79 टक्के, म्हणजे हवा आली सुमारे 66 आणि तिच्याबरोबर ऑक्सिजन फक्त 14. पण बाहेर पडणाऱ्या 21 डायऑक्साइडमध्ये 21 आणि 23 मोनॉक्साइडमध्ये साडेअकरा, असा साडेबत्तीस ऑक्सिजन आहे. उरलेला साडेअठरा आला कुठून?

थोडा झोतातल्या बाष्पाचा, थोडा चुनखडीचा. बाकी सगळा दल्ली-राजहराच्या डोंगरातला. तिथल्या हेमॅटाइट या लोहखनिजाच्या दर 160 किलोंमध्ये 112 किलो लोह आणि 48 किलो ऑक्सिजन. एक टन लोह सोडवायचं म्हणजे जवळजवळ 430 किलो ऑक्सिजन काढून न्यायचा. लोखंड करणं म्हणजे मुळात हेच काम आहे आणि कोक जाळायचा तो त्यासाठी.

तेवढा ऑक्सिजन डायऑक्साइडच्या रूपानं न्यायला 161 किलो कार्बन पुरायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून बराच जास्त लागतो, कारण वितळवण्यासाठी उष्णता हवी आणि सगळा मोनॉक्साइड ऑक्सिजन उचलून डायऑक्साइड व्हायला रसायनशास्त्र राजी नसतं. उरलेला मोनॉक्साइड मात्र वाया जात नाही. तो झोत तापवणाऱ्या स्टोव्हमध्ये जळतो, वीज करतो, कोक ओव्हनच्या वायूत मिसळून पोलाद तापवणाऱ्या पुढच्या भट्ट्यांना जातो. इथे पुन्हा हिशेब लागतो: झोतभट्टीच्या एक घनमीटर वायूला पाऊण घनमीटरहून कमी हवा पुरते, कोक ओव्हनच्या वायूला चारपटीहून जास्त. मिश्रण बदललं आणि हवा तीच राहिली, तर एक तर मोनॉक्साइड न जळता धुराड्यातून जातो, नाही तर जादा ऑक्सिजन तापलेल्या पोलादालाच लागतो आणि रूळ होण्याआधीच पोलादावर खपली चढते.

मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जून 2014 मध्ये भिलाईत पाण्याचा दाब पडला, वायू पंपहाऊसमध्ये शिरला आणि सहा जणांचे प्राण गेले. वायू कुठे किती आहे, या नोंदीवर इथे माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून ती नोंद कारकुनी काम मानणं मला पटत नाही.

आता जगभर कार्बनऐवजी हायड्रोजन वापरण्याची खटपट चालली आहे. गणित करून पाहावं: तो 430 किलो ऑक्सिजन न्यायला 54 किलो हायड्रोजन पुरेल आणि धुराऐवजी 484 किलो वाफ निघेल. पण ही प्रक्रिया उष्णता देत नाही, उलट मागते. आणि तो हायड्रोजन पाण्यातून वेगळा काढायलाही वीज लागेल. ती कशावर करायची, हे आधी ठरवावं लागेल.