तापलेल्या इंजिनाची नाडीपरीक्षा

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मोटारदुरुस्तीला फार चपखल बसते. इंजिन तापू लागले की कोणी रेडिएटर बदलावयास सांगतो, कोणी पंप. तर कोणी "आपल्याकडे ऊन फार, तो थर्मोस्टॅट काढूनच टाका" असा सल्ला देतो. पैसे खर्च होतात आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा वाफा सोडीत उभी राहते. वास्तविक तापणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप केव्हा येतो, हे वैद्य जसा आधी विचारतो, तसेच येथेही विचारले पाहिजे. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही; आपल्यासारख्या कला शाखेच्या मंडळींनाही ते जमण्याजोगे आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबर बाहेर जाते आणि बरीचशी इंजिनाभोवती खेळविलेल्या पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप हे पाणी फिरवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात येते. वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यात मेण असते. पाणी सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापले की मेण फुगते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचे काम करते. त्याने दाब राखल्यामुळे पाणी १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास तग धरते.

म्हणूनच पहिला नियम असा की, तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच पाणी वाफ होऊन उसळते आणि हात-तोंड भाजते. काटा लाल रेषेकडे सरकला तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे व निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताला गार लागला म्हणजे जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे दूर ठेवावीत.

गाडी घरी आली, पूर्ण निवली, की आधी पाणी पाहावे. टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ती वारंवार घटत असेल तर गळती शोधावी. सकाळी गाडीखाली डाग आहे काय, पाइपांच्या सांध्यांवर, क्लिपांजवळ किंवा पंपाखाली पांढरट वा रंगीत क्षार साचले आहेत काय, हे पाहावे. सैल क्लिप आवळणे आणि चिरलेला पाइप बदलणे ही घरची कामे आहेत. एक सावधगिरी मात्र ठेवावी. पाणी फारच कमी झाले की तापमान मोजणारा भाग पाण्याबाहेर राहतो आणि काटा खोटाच खाली दिसतो.

पाणी पुरेसे असूनही गाडी तापते, तर केव्हा तापते ते पाहावे. सिग्नलला, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुधा पंख्याचा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. जुन्या अ‍ॅम्बॅसडर-पद्मिनीत पंखा पट्ट्यावर फिरे, तेथे पट्टा सैल आहे काय ते पाहावे. आजच्या बहुतेक मोटारींत तो विजेवर चालतो. तेथे फ्यूज, रिले, तारेचा जोड आणि शेवटी मोटर असा क्रम धरावा.

उलट गर्दीत ठीक आणि भरधाव वेगात वा घाटात तापते, तर पाणी किंवा वारा पुरेसा खेळत नाही असे समजावे. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजला, तो थोड्या जागेत वाऱ्याला पुष्कळ पृष्ठभाग मिळावा म्हणून. तोच पृष्ठभाग चिखलाने व किड्यांनी बुजला तर उपयोग काय? इंजिनाच्या बाजूने बाहेर असे हलक्या धारेने पाणी मारून तो धुवावा. आतून क्षार बसले असतील, तर सफाई करून घ्यावी. बोअरच्या पाण्याने बंबात जसा थर धरतो, तसाच तो येथेही धरतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. जुने कूलंट गटारात ओतू नये. ते विषारी असून चवीला गोड असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

सुरू केल्यापासून काही मिनिटांतच काटा चढतो, वरचा पाइप गरम आणि खालचा गारच राहतो, तर थर्मोस्टॅट अडकला असावा. तो काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून तापवावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास तो उघडला नाही, तर नवा बसवावा. तो कायमचा काढून टाकणे मात्र उपाय नव्हे. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल अधिक लागते आणि झीज वाढते.

बाहेर गळती नसताना पाणी घटते, तेल दुधाळ चहासारखे दिसते, किंवा धुरांड्यातून पांढरा धूर सतत येतो, तर हेड गास्केट गेल्याची शंका घ्यावी. येथे घरची दुरुस्ती थांबते. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवीत नेऊ नये, ओढून न्यावी. कारण वाकलेले हेड सरळ करण्याचा खर्च एका थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट असतो. मेस्त्रीला "गाडी तापते" एवढेच न सांगता ती केव्हा तापते, किती पाणी घटते आणि आपण काय काय तपासले हे सांगावे. निम्मे निदान तेथेच झालेले असते.