एक मेच्या आत

सकाळी साडेपाच

इतक्या लवकर निघायचं ते गंगापूर रोड मोकळा मिळतो म्हणून, असं दादा म्हणतो. खरं कारण ऊन. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला अकरानंतर कौलांवर पाय ठरत नाही, आणि आजचं मोठं काम कौलांवरच आहे. दादा-वहिनी रात्री ठाण्याहून आले, धाकटा पुण्याहून. डिकीत डिस्टेंपरच्या बादल्या, पिंजून आणलेल्या गाद्या, कडी-कोयंडे, ब्लीचिंग पावडरचा डबा. मागच्या सीटवर वहिनी, मी आणि आमच्या मांड्यांवर आडवी पसरलेली मच्छरजाळीची गुंडाळी.

गोवर्धन मागे पडतं, वायनरीच्या पाट्या मागे पडतात आणि झाडांच्या फटींतून गंगापूर धरण दिसू लागतं. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, इथे जागा घेतली तेव्हा या रस्त्यावर वाइनचं नावही कुणी घेत नव्हतं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर पाणी मोजलेल्या माणसाला ते समोर हवं होतं, एवढंच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लांबलचक पडवी, वर मंगलोरी कौलं. अण्णा गेल्यावर घर विकायचं की ठेवायचं यावर बरीच बोलणी झाली. शेवटी असं ठरलं की घरपट्टी, राखणीचा पगार आणि वर्षाची डागडुजी एवढं घराने स्वतः कमवावं. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत नाव घातलं आणि सुट्टीत पाहुणे येऊ लागले. या वर्षीचं पहिलं बुकिंग एक मेचं आहे.

पावणेआठ

मिस्त्री सातला येणार होता. आता आला. आला यातच आम्ही खूश आहोत, कारण या पट्ट्यात एप्रिलमध्ये माणूस मिळणं अवघड. द्राक्षं उतरली की बागांत खरड छाटणी सुरू होते. फळ येतं ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, पण ज्या काडीवर ते येणार ती काडी तयार होते एप्रिलच्या छाटणीवर. म्हणून या दिवसांत बागायतदार मजुरीकडे बघत नाही. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं येतात आणि उन्हं वर यायच्या आत पिकअप भरून बागांकडे निघूनही जातात. त्यात शहरात २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालेली. कौलांवर चढणारा जुना गवंडी तर आता विचारून विचारून शोधावा लागतो. बाकीचे सरळ सांगतात, ‘पत्रा टाका, ताई.’

पत्रा टाकायचा नाही, यावर मात्र आम्हा तिघांचं एकमत आहे. असे विषय फार नाहीत.

कौलं फोडतात माकडं. फुटलेलं कौल वरून ओळखू येईलच असं नाही, बारीक चीर धुळीत लपते. म्हणून शाकारणी आतून सुरू होते. धाकट्याने दारं-खिडक्या लावून खोलीत काळोख केला. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खालून काठीने टकटक करायची. वर मिस्त्री त्या आवाजावर कौल हेरतो, काढतो आणि दुसरं बसवतो. हे ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक कौलाची खाच शेजारच्याच्या खाचेत बसली पाहिजे, आणि वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकींना धार्जिण्या नसतात. नवं कौल जुन्याच्या ओळीत बसवलं तर एका कोपऱ्यावर ते उचललेलं राहतं आणि वाऱ्याचा पाऊस नेमका तिथून आत येतो. म्हणून गावात कुठे जुना वाडा उतरवला जातोय असं कळलं, की मी जाऊन कौलं उचलून आणते. यंदाची पंचवटीतल्या एका वाड्याची आहेत.

मिस्त्री कौलाच्या मधोमध कधी पाय देत नाही. खाली वासा कुठून गेलाय ते त्याला वरून कळतं, त्याच रेषेवर तो चालतो. धाकट्याने एकदा वर जाऊन बघायचा हट्ट धरला. मिस्त्रीने त्याच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘दादा, तुम्ही खालून काठीच वाजवा.’

रिपांना दोन ठिकाणी वाळवी लागलीय. त्या बदलायच्या. ‘पाऊस जूनमध्ये, पाहुणे मेमध्ये, मग आधी रंग का नाही?’ हा वहिनींचा प्रश्न रास्त आहे. पण अवकाळीला कॅलेंडर नसतं, आणि गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मोसमी पाऊसच २६ मेला मुंबईत हजर झाला होता. रंगाचे पोपडे पाहुणा चालवून घेतो. रात्री दोन वाजता अंथरुणावर पडलेला थेंब त्याला चालत नाही.

साडेनऊ

पोहे झाले. चहा दोनदा. काम थांबलं नाही.

दहा

टाकी. वर्षभर झाकणाखाली बंद होती, तळाशी बोटभर गाळ. धाकटा आत उतरला, मी बाहेरून बादल्या ओढल्या. धुऊन झाल्यावर पाणी भरायचं आणि त्यात ब्लीचिंग पावडर: हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या दोन हजार लिटरच्या टाकीला दहा. आधी छोट्या बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायतीचा शिपाई हेच करतो. पुस्तकी काही नाही त्यात.

पाणी येतं बोअरचं. मेच्या मध्यावर बोअर धापा टाकायला लागतो, मग टँकर मागवतो. समोर एवढं धरण आणि दारात टँकर, याचं पाहुण्यांना हसू येतं. धरणातलं पाणी वाटून ठेवलेलं असतं. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये साठा बघून हिशेब मांडतात: शहराला इतकं, शेतीला इतकं, कारखान्यांना इतकं, आणि जुलैअखेरपर्यंत पुरवायचं. त्यात आमच्या नळाचं खातं नाही. गंगापूरमध्ये नाशिकचं पिण्याचं पाणी आहे. अण्णा असताना काठावर कुणी गाडी धुवायला नेली, तर ते पडवीतून हाक मारायचे आणि ती हाक पलीकडच्या काठाला ऐकू जायची.

अकरा

समोर शहराचं पिण्याचं पाणी आहे, म्हणूनच दिवसातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं काम मी स्वतः बघते. बैठकीची खोली कुठल्या रंगाची असावी यावर घरात प्रत्येकाला मत आहे, सेप्टिक टँकवर कुणालाच नाही.

चौघांच्या घरासाठी बांधलेली टाकी आहे, आणि सुट्टीत एका वेळी आठ-दहा माणसं येतात. टाकीचे दोन कप्पे असतात. पहिल्यात जड ते खाली बसतं आणि तिथे ते जिवाणू खातात; वरचं पाणी दुसऱ्या कप्प्यात, तिथून शोषखड्ड्यात, तिथून जमिनीत. माणसं वाढली की पाण्याला टाकीत थांबायला वेळ मिळत नाही, घाण तशीच पुढे जाते आणि शोषखड्डा तुंबतो. आमच्या शोषखड्ड्यापासून उतार सरळ धरणाकडे आहे. आणखी एक: संडासात ॲसिड नि फिनेल ओतलं की आतले जिवाणू मरतात. पाहुणे आपले स्वच्छतेच्या हौसेने ओततात. म्हणून न्हाणीघरातून ॲसिडची बाटली काढून मी साबणाची पूड ठेवलीय, आणि वर पाटी.

टाकी उपसायला सक्शनचा टँकर आला. काकांनी, म्हणजे आमच्या राखणीच्या काकांनी, निम्म्या पैशांत दोन माणसं उतरवतो असं सांगणारा एक जण सुचवला होता. ते मी ऐकून घेतलं नाही. माणसाला टाकीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आतल्या वायूने माणूस एका श्वासात कोसळतो. टँकरवाल्याने पाइप टाकला, पाऊण तासात काम उरकून गेला. शोषखड्ड्यातले दगड-विटा बाहेर काढून धुतल्या, पुन्हा रचल्या, आणि एक जास्तीचा खड्डा आखला. तो खणणं सोमवारी.

दादा तेवढ्या वेळात खिडकीला जाळी ठोकत होता. फार मन लावून.

दीड

पिठलं, भाकरी, कैरीचा ठेचा. नंतर पडवीत शहाबादी फरशीवर सगळे आडवे. मिस्त्री लिंबाखाली.

तीन

आतलं काम. हे वहिनींचं राज्य. गाद्या घातल्या, अभ्रे चढवले, भांडी मोजून मांडली. किती कुटुंबं येऊन गेली तरी आमचा खलबत्ता कुणी नेला नाही. चमचे मात्र दर वर्षी घटतात. दाराशेजारी फळा: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, काकांचा नंबर, साप दिसला तर त्याला मारायला जाऊ नका, काकांना हाक मारा. मागच्या सरपणाच्या ढिगात घोणस निघाली होती, तेव्हापासून सरपण घरापासून लांब रचतो.

अडलं ते अण्णांच्या आरामखुर्चीपाशी. दादाचं म्हणणं, पाहुण्यांसाठी पडवीत राहू दे, शोभा येते. धाकट्याला ती पुण्याला न्यायचीय. दोघं खुर्ची सोडून सगळ्यावर बोलले: गाडीत मावेल का, वेत सुटलाय, पुण्याच्या फ्लॅटला बाल्कनी केवढी. वहिनींनी मधे खुर्चीवर गाद्यांची चवड ठेवली आणि जाळी लावायला निघून गेल्या. खुर्ची तूर्त तिथेच आहे.

साडेचार

ऊन कललं तसे काठाकडे निघालो. पावसाळ्यात ‘काठ’ म्हणजे कुंपणाचा दगड. ऑगस्टमध्ये धरण भरलं की पाणी तिथवर येतं आणि पडवीतून लाटांचा आवाज ऐकू येतो. आज कुंपणापासून चालत सात-आठ मिनिटं. आधी भेगाळलेली काळी जमीन, मग गवताचा पट्टा, मग ओला गाळ, मग पाणी.

धरणं भरतात पावसाळ्यात आणि आपल्याकडची सुट्टी असते मेमध्ये, धरणं तळाला जातात तेव्हा. परदेशी सिनेमातल्या तळ्याकाठच्या घरांचं बरं असतं. तिथे उन्हाळ्यातही तळं जागेवर असतं. आमचं तळं शहराची तहान भागवत भागवत रोज थोडं मागे सरकतं. कश्यपी आणि गौतमीचं पाणी वरून सोडलं की गंगापूर थोडं सावरतं, पण तेवढंच. आणि धरणही पूर्वीएवढं खोल राहिलेलं नाही. मातीचं हे धरण १९६५ साली पूर्ण झालं, तेव्हाची क्षमता ७२०० दशलक्ष घनफूट; गाळ साठत साठत आता हिशेबात ५६३० धरतात. अण्णा हे आकडे पाहुण्यांनाही ऐकवायचे, त्यांनी विचारलेलं नसताना.

गाळाची मला भीती वाटते. वरचा थर वाळून फरशीसारखा टणक दिसतो, खाली मात्र चिखल तसाच. मुलं धावत जातात आणि गुडघ्यापर्यंत रुततात. पाण्याच्या कडेला तर कमरेपर्यंतही. मागे एका पाहुण्याने कौतुकाने गाडी खाली घातली, ती काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. शिवाय उघड्या जमिनीवर टिटवीची अंडी असतात, मातीच्याच रंगाची. चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आत्ताही एक टिटवी डोक्यावरून ओरडत आम्हाला घालवून देत होती.

फोटोचा वाद इथे निघाला. जाहिरातीत जो फोटो आहे तो ऑगस्टचा: भरलेलं धरण, हिरवे डोंगर, कुंपणाला टेकलेलं पाणी. मी म्हटलं, बदलू या, आजचा काढू. दादा थांबला. ‘सगळे तसलेच फोटो टाकतात. आपण एकट्याने चिखल दाखवायचा?’ त्याचं अगदीच चूक नाही. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा गेल्या जूनमध्ये उघडल्यापासून मुंबईकराला कसारा घाट चुकवून येता येतं, आणि जो सहज येतो तो सहज दुसरीकडेही जातो. पण फोटो बघून आलेली माणसं पहिल्या संध्याकाळी पडवीत उभी राहून ‘पाणी कुठाय?’ विचारतात, तेव्हा इथे दादा नसतो. उत्तर काका देतात, आणि तोंडही काकाच चुकवतात.

काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘दोन्ही टाका. पावसातलं अन् आत्ताचं. खाली लिहा कवाचं कोनतं.’

यावर दादाकडे उत्तर नव्हतं. धाकट्याने फोटो काढले. पश्चिमेचा वारा सुटला होता, गवत चांगलं सोनेरी आलं. चिखल जरा कमी दिसला. तो मुद्दाम पुन्हा काढायला लावला.

साडेसहा

हिशेब. मिस्त्री, रिपा, सक्शन टँकर, रंग. तिघांत सारखी वाटणी. गाद्यांचे पैसे वहिनींनी घेतले नाहीत आणि दादा काही बोलला नाही. रंगाला दोन दिवस, मग फरशी धुणं, मग काकांना चाव्या. शोषखड्ड्याचं काम आणि लाल कौलांचा उरलेला ढीग माझ्याकडे, कारण मी नाशिकात.

एक मेच्या पाहुण्यांना मी तेव्हाच मेसेज टाकला. पाणी सध्या चालत सात-आठ मिनिटांवर आहे; पोहायला मनाई, गाळात उतरू नये; गाडी आवारातच ठेवावी; फोटो पाठवते आहे, आजचे. बुकिंग रद्द करायचं असेल तर पूर्ण पैसे परत. दादाने शेवटचं वाक्य वाचलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

दहा मिनिटांत उत्तर आलं. पाण्याबद्दल एक शब्द नाही. सोबत आजी आहेत, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. कमोड आहे का, आणि शेजारी धरायला दांडी?

कमोड आहे, दांडी नाही. धाकटा टॉर्च घेऊन न्हाणीघरात गेला. वहिनी कमोडवर बसून दाखवत होत्या, हात कुठे पोचतो ते, आणि तो भिंतीवर पेन्सिलने खुणा करत होता. दांडी स्टीलची आणायची, रविवार कारंजावरून. मोठे रावळप्लग लागतील, टाइल जुनी आहे. ते मी यादीत लिहिलं.