लॅपटॉप नाही? पेनड्राइव्ह आहे ना!

कॉलेजच्या लॅबमध्ये नेमकं हवं ते सॉफ्टवेअर नसतं आणि ते टाकायची परवानगीही नसते. मग सॉफ्टवेअरच खिशात घेऊन फिरलं तर?

सबमिशनचा आठवडा आला की कम्प्युटर लॅबमध्ये एक डायलॉग ठरलेला असतो, 'सर, या मशीनवर ऑडॅसिटी नाहीये.' उत्तरही ठरलेलं, 'अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे नाही, अर्ज देऊन ठेवा.' अर्ज पुढे सरकेपर्यंत सबमिशनची तारीख उलटून जाते. स्वतःचा लॅपटॉप असणारे घरी जाऊन काम उरकतात. पण हॉस्टेलवर राहणारे, गावाहून रोज एसटीने ये-जा करणारे, घरात भावंडांमध्ये मिळून एकच मशीन असणारे काय करणार? त्यांची सगळी भिस्त लॅबवर आणि सायबर कॅफेवर. अशांसाठी पोर्टेबल सॉफ्टवेअर ही खरंच कामाची गोष्ट आहे, आणि तीही बहुतेक वेळा फुकट.

पोर्टेबल म्हणजे काय रे भाऊ?

नेहमीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं की ते मशीनमध्ये चार ठिकाणी पाय पसरतं. मुख्य फाइल्स एका फोल्डरमध्ये, सेटिंग्ज दुसरीकडे, काही नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत. म्हणूनच त्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. पोर्टेबल सॉफ्टवेअर मात्र आपला सगळा पसारा एकाच फोल्डरमध्ये ठेवतं. फोल्डर पेनड्राइव्हवर, सेटिंग्जही तिथेच. पेनड्राइव्ह लावा, डबल क्लिक करा, काम करा, काढून घ्या. दुसऱ्या मशीनवर लावलात तरी तुमचे बुकमार्क, तुमची डिक्शनरी, तुमचे शॉर्टकट जसेच्या तसे.

ही कल्पना तशी जुनी आहे. जॉन हॅलर या अमेरिकन डेव्हलपरने २००४ मध्ये फायरफॉक्स पेनड्राइव्हवरून चालेल असा तयार केला. त्यातूनच पुढे पोर्टेबलअ‍ॅप्स डॉट कॉम ही साइट उभी राहिली. आज तिथे शेकडो मोफत सॉफ्टवेअर्स मिळतात, शिवाय ती उघडायला स्टार्ट मेनूसारखा एक मेनूही.

कोणी काय टाकावं?

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी सुरुवात लिबर ऑफिसने करावी. रिपोर्ट, एक्सेल शीट, प्रेझेंटेशन सगळं होतं आणि पीडीएफही थेट निघते. ही पीडीएफ मराठीत लिहिणाऱ्यांना फार उपयोगाची. वर्डची फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली आणि तिथे तुमचा फॉन्ट नसला, की जोडाक्षरांचा चुराडा किंवा पानंच वरखाली. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो, त्यामुळे प्रिंट जशीच्या तशी येते.

मीडियावाल्यांना आवाज कापायला ऑडॅसिटी, फोटोसाठी गिम्प, पोस्टरसाठी इंकस्केप, कुठलाही व्हिडिओ उघडायला व्हीएलसी. कोडिंगवाल्यांसाठी तर गंमतच आहे. व्हीएस कोडची झिप फाइल उघडायची, त्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचं फोल्डर इंग्रजीत करायचं, झाला तो पोर्टेबल! पायथनसाठी विनपायथन आहे. आणि सगळ्यांनीच ठेवावीत अशी दोन छोटी सॉफ्टवेअर्स म्हणजे सेव्हन-झिप आणि सुमात्रा पीडीएफ.

प्रायव्हसीचं काय?

लॅबच्या ब्राउझरमध्ये मेल उघडून लॉगआउट न करता उठणारे प्रत्येक बॅचमध्ये सापडतात. पेनड्राइव्हवरचा फायरफॉक्स वापरला तर हिस्ट्री आणि पासवर्ड तुमच्यासोबत बाहेर पडतात, मशीनवर राहत नाहीत. पण याचा अर्थ तुम्ही अदृश्य झालात असा नाही. कोणत्या साइटवर गेलात हे कॉलेजच्या नेटवर्कला कळू शकतं. मशीनमध्ये कुणी कीलॉगर टाकलेला असेल तर तुम्ही टाइप केलेली अक्षरं तो टिपणारच, मग ब्राउझर कुठलाही असो. त्यामुळे कॅफेच्या मशीनवर बँकेचे व्यवहार नकोतच.

दुसरी बाजूही बघा. पासवर्ड पेनड्राइव्हवर आहेत आणि पेनड्राइव्हच हरवला तर? फायरफॉक्सला प्रायमरी पासवर्ड लावून ठेवा, किंवा पासवर्डसाठी कीपास वापरा. त्यात सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये बंद असतात.

आणि तो शॉर्टकट व्हायरस?

पेनड्राइव्ह म्हटलं की व्हायरस आठवणारच. पूर्वी पेनड्राइव्ह लावताक्षणी ऑटोरनमधून व्हायरस आपोआप पसरायचे. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये विंडोज एक्सपीसारख्या जुन्या आवृत्त्यांसाठीही अपडेट देऊन ती वाट बंद केली. तरी आपलं फोल्डर गायब आणि त्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट, हा प्रकार अजून दिसतो. असं झालं तर त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. चांगल्या अँटिव्हायरस असलेल्या मशीनवर आधी स्कॅन करा. फाइल्स बहुतेक वेळा उडालेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात.

त्याहून मोठा धोका आपणच ओढवून घेतो. 'पोर्टेबल फोटोशॉप फ्री' असं शोधून कुठून तरी फाइल उतरवायची! अ‍ॅडोबी अशी पोर्टेबल आवृत्ती देतच नाही. म्हणजे जे मिळतंय ते पायरेटेड, आणि सोबत काय चिकटून येईल त्याचा नेम नाही. सॉफ्टवेअर मूळ साइटवरूनच घ्या.

मर्यादाही माहीत असू द्या

विंडोजसाठीचं पोर्टेबल सॉफ्टवेअर मॅकवर किंवा मोबाइलवर चालणार नाही. यूएसबी २.० चा जुना पेनड्राइव्ह असेल तर लिबर ऑफिस उघडेपर्यंत चहा पिऊन याल. त्यापेक्षा ३.० चा घ्या आणि तो बहुतेकदा आतून निळ्या दिसणाऱ्या पोर्टमध्ये लावा. काही लॅबमध्ये पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवणं बंद केलेलं असतं. तिथे पळवाटा शोधत बसण्यापेक्षा लॅब असिस्टंटला सरळ विचारा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही म्हटल्यावर अनेकदा हो म्हणतात.

पेनड्राइव्ह काढताना 'सेफली रिमूव्ह' करायला विसरू नका. सॉफ्टवेअर चालू असताना उपटलात तर फाइल करप्ट होऊ शकते. आणि दर आठवड्याला अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. पोर्टेबलचा हाही एक फायदाच, की बॅकअप म्हणजे फक्त कॉपी-पेस्ट.

यातलं काहीही करायला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डाउनलोड एकदा कॉलेजच्या वायफायवर उरकून घ्या. सबमिशनच्या आदल्या रात्री नको, आत्ताच, या शनिवारी.