क्विझमध्ये बरोबर, किनाऱ्यावर चूक

आज गणपतीपुळ्यात समोर बहुतेक नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, थोडे पालक आहेत, आणि बरेच जण ऑनलाइन ऐकतायत. विषय आहे ऑनलाइन क्विझ आणि केस स्टडी. तुमच्या भाषेत सांगायचं तर, ‘रात्री बारापर्यंत सबमिट करायच्या गोष्टी’. तेव्हा सुरुवातही एका क्विझनेच करू.

प्रश्न असा : माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही, नाडी लागत नाही. सीपीआरचा क्रम कोणता? ए-बी-सी की सी-ए-बी? करा हात वर.

(बहुतेकांचे हात ‘सी-ए-बी’ला वर.)

छान. पालकांसाठी सांगते, ए म्हणजे श्वासमार्ग मोकळा करणं, बी म्हणजे श्वास देणं, सी म्हणजे छाती दाबणं. पूर्वी ए-बी-सी शिकवत. 2010 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्रम बदलला आणि छाती दाबणं पहिलं आलं. कारण हृदय अचानक बंद पडतं तेव्हा रक्तात थोडा वेळ प्राणवायू शिल्लक असतो, तो फक्त फिरवायचा असतो. क्विझमध्ये तुम्हाला पूर्ण गुण.

आता तोच प्रश्न जरा बदलते. इथलाच समुद्र. बावीस वर्षांचा एक पर्यटक कंबरभर पाण्यात उभा होता, परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू ओढली आणि तो आत गेला. काही मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. श्वास नाही, नाडी नाही. तुम्ही सुट्टीत घरी आला आहात आणि गर्दीतून कोणीतरी ओरडतं, “अगं, तू नर्सिंगला आहेस ना?” आधी काय कराल?

बघा, आता हात कमी झाले.

बुडालेल्या माणसाचं हृदय बंद पडतं ते प्राणवायू संपल्यामुळे. फिरवायला रक्तात काही उरलेलंच नसतं. म्हणून ज्याने सीपीआरचं प्रशिक्षण घेतलंय त्याने इथे आधी श्वासमार्ग मोकळा करून दोन श्वास द्यायचे, मग 30 दाब, पुन्हा दोन श्वास. दाबांचा वेग मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसात खोली किमान पाच सेंटिमीटर. आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी 108 ला फोन लावायला सांगायचं. गर्दीतून सल्ला येईल, “पोट दाबा, पाणी काढा.” ते करायचं नाही. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जातं, आणि वेळ जातो तो वेगळाच. तो शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

म्हणजे क्विझचं उत्तर चुकीचं नव्हतं. ते अपुरं होतं. क्विझ विचारते, ‘काय करतात?’ केस स्टडी विचारते, ‘या माणसाला, या कारणाने, आधी काय?’ दोन्ही लागतात. पण आपण दोन्ही कशा करतो ते बघू या.

आधी क्विझ. ग्रुपवर कोणीतरी उत्तरांचा स्क्रीनशॉट टाकतं. आता तर प्रश्नाचा फोटो काढून मोबाइललाच विचारता येतं. दहापैकी दहा. मी इथे नीतीचं भाषण देणार नाही, नुकसान कसं होतं एवढंच सांगते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने मात्र उलटं झालं : आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. डोक्याला ताण देऊन आठवणं, हाच अभ्यास आहे. स्क्रीनशॉट बघून टिक केलं की गुण मिळतात, पण त्या क्विझमधला जो उपयोगी भाग असतो तोच आपण टाकून देतो.

मग करायचं काय? पर्याय हाताने झाका, आधी उत्तर मनात म्हणा, मग पर्याय बघा. जिथे अंदाजाने टिक केलं तिथे वहीत खूण करा, बरोबर आलं तरी. चुकलेले प्रश्न तीन-चार दिवसांनी पुन्हा सोडवा. आणि आपल्याकडे पावसात लाइट जाते, रेंज जाते, तेव्हा शेवटच्या तासाची वाट बघू नका.

आता केस स्टडी. इथे दुसरं उदाहरण घेते, आपल्या कातळावरचं : फुरसं. क्विझमध्ये प्रश्न येतो, ‘सर्पदंशात रक्त गोठण्याची साधी चाचणी किती मिनिटांची?’ उत्तर, वीस. पाठ आहे सगळ्यांना. आता केस बघा. आंब्याच्या बागेत गवत काढताना बाईला पायाला दंश झाला, पाय सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतंय. रात्रीची ड्युटी तुमची. दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपं करून बघायचं. पण ठेवायचं कशात?

काचेच्या नळीत. स्वच्छ, कोरड्या, आणि साबणाने न धुतलेल्या. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत निरोगी माणसाचं रक्तही पातळच राहू शकतं. मग आपण समजणार विष चढलंय, आणि गरज नसलेल्या माणसाला प्रतिसर्पविष दिलं जाणार, ज्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ‘वीस’ हा आकडा माहीत असून नळी चुकली, तर त्या आकड्याचा उपयोग काय? असे प्रश्न केस नीट लिहितानाच सुचतात.

तुमच्या केअर प्लॅनमध्ये रकाने असतात : पाहणी, नर्सिंग डायग्नोसिस, उद्दिष्ट, नियोजन, कृती, कारण, मूल्यमापन. उतरवलेली केस शिक्षकांना कुठे कळते, माहितीये? ‘कारण’ आणि ‘मूल्यमापन’ या दोन रकान्यांत. ‘दर चार तासांनी ताप बघितला’ हे कुठूनही मिळतं. याच रुग्णाला चार तासांनीच का, आणि ताप उतरला नाही तेव्हा मी काय बदललं, हे फक्त वॉर्डात उभं राहिलेल्यालाच लिहिता येतं. म्हणून हे दोन रकाने आधी भरा, पोस्टिंग चालू असतानाच, बेडजवळच्या वहीत. टाइप नंतर करा.

आणखी एक. केस ऑनलाइन जाते तेव्हा रुग्णाचं नाव, गाव, केसपेपरचा नंबर, फोटो, काहीही त्यात नको. लहान गावात ‘अमुक वाडीतली, तीन मुलींची आई’ एवढ्यावरही माणूस ओळखू येतो.

एक प्रश्न आलाय : “मॅडम, आठ तास पोस्टिंग, मग लेक्चर, आणि एकाच आठवड्यात पाच असाइनमेंट. मनापासून करायला वेळ कुठून आणायचा?”

खरं आहे, आणि हा दोष तुमचा नाही. पाचही उत्तम होणार नाहीत. मग निवडा. क्विझ प्रामाणिकपणे करा, सहा गुण आले तरी चालतील, कारण ती पंधरा मिनिटांचीच असते. आणि केसपैकी एक तरी पूर्ण तुमची असू दे. बाकीच्या साध्या करा, पण उतरवू नका. आणि शिक्षकांनाही माझं सांगणं आहे, पाच मागण्यापेक्षा दोन मागा आणि त्या वाचा. न वाचलेली असाइनमेंट विद्यार्थ्याला उतरवायलाच शिकवते.

व्याख्यान संपल्यावर बरेच जण किनाऱ्यावर जाल. पाण्यात जपून उतरा. आणि जाता जाता एकमेकांना विचारा : बुडालेल्या माणसाला आधी काय द्यायचं? मोबाइल खिशातच राहू दे.