नागीण गेली, धास्ती राहिली

'नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस वाचत नाही,' हे ऐकलं नाही अशी बाई आपल्याकडे सापडणं कठीण. मग कुणी गेरू फासतं, कुणी मंत्र घालणाऱ्याकडे नेतं. या जुन्या भीतीला आता एक नवी भीती चिकटली आहे. नागिणीतून म्हणे पुढे कॅन्सर होतो, तोही पोटाचा!

आमच्या बचत गटातल्या एका मावशींना गेल्या वर्षी कमरेपासून बेंबीपर्यंत नागीण उठली. फोड सुकले, पण मावशींचं जेवण तुटलं. "ताई, वरून सुकली तरी आत आतड्यात उतरली असेल तर?" हाच प्रश्न दर बैठकीला. सुनेने तर सगळ्या तपासण्यांसाठी गटातून कर्ज काढायचं ठरवलं होतं. मी काही डॉक्टर नाही, बी.ए. झालेली गृहिणी. म्हणून ओळखीच्या डॉक्टरबाईंना बैठकीलाच बोलावलं, आणि स्वतःही वाचून काढलं.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो पाठीच्या कण्यालगत, मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. ही वाट बहुधा शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा अर्ध्यावरच थांबतो. मावशींचे फोड पोटाच्या कातडीवर होते, आतड्यात नव्हे.

मग कॅन्सरचं काय? अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात नागीण झालेल्या ५९० जणांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण कॅन्सरचं प्रमाण विशेष वाढलेलं दिसलं नाही. केवळ नागीण झाली म्हणून कॅन्सर शोधत बसायची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या काही अभ्यासांत थोडी वाढ दिसली, पण ती ठळक होती रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथे गोष्ट उलटी असू शकते. आधीच लपलेला कॅन्सर प्रतिकारशक्ती कमी करतो आणि नागीण डोकं वर काढते." शिवाय दोन्ही आजार पन्नाशीनंतरच जास्त दिसतात.

मग त्यांनी सहज विचारलं, "मिशरी कितीजणी लावता?" निम्म्या माना खाली गेल्या, त्यात मावशींचीही होती. तोंडात धरलेल्या तंबाखूने तोंडाचाच नव्हे, तर अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचाही कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. नागिणीच्या धास्तीने जेवण सुटलं होतं, पण मिशरीची डबी कनवटीलाच होती! मावशींची आता दुपारची मिशरी सुटली आहे, सकाळची अजून सुटायची आहे.

मैत्रिणींनो, एका बाजूला आग होऊन पुरळ उठलं की ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस २०२३ पासून आपल्याकडेही मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचातून रक्त पडणं किंवा शौचास काळी होणं, पोटाची सवय बदलून आठवडेच्या आठवडे तशीच राहणं, यातलं काहीही दिसलं तर अंगावर काढू नका. नागीण झालेली असो वा नसो, तपासणीचे पैसे तिथे खर्च करा.